खेळाची परीक्षा

(समाजाच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर समाजातील कर्त्या मंडळींनी आपले विचार मांडले आहेत. त्याच जागी उभे राहून बोलण्याची आज्ञा माझ्यासारख्या नुकतेच शिक्षण संपविलेल्या मुलीस व्हावी, हा केवळ आपल्या लोभाचा भाग होय. तथापि बोलण्यास माझ्याजवळ एक सबळ कारण आहे. माझ्या अभियांत्रिकी शिक्षणाची अखेरची दोन वर्षे आपल्या शिक्षण-निधीतून मिळालेल्या बिनव्याजी कर्जावर पार पडली. ज्यांनी पैसा दिला त्यांस त्याचे काय झाले हे विचारण्याचा अधिकार आहे, आणि ज्याने तो घेतला त्याजवर ते सांगण्याचे बंधन आहे. म्हणून अखेरच्या वर्षी मी जो प्रकल्प केला त्याची हकीकत, त्यातील फजितीसह, आपणांपुढे ठेवते.

प्रकल्पाचा विषय ऐकून काही मंडळींस हसू येईल. लहान मुलांसाठी संगणकावरील अंकांचे खेळ तयार करावयाचे, आणि ते इयत्ता दुसरीच्या मुलांकडून खेळवून तपासावयाचे, असा तो विषय होता. ‘एवढे शिकून शेवटी मुलांचे खेळच मांडणार का?’ असे आमच्या आजीनेही विचारले. परंतु या उद्योगास बरीच जुनी परंपरा आहे. १९७१ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी डॉन रॉविच, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या तीन विद्यार्थी-शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी ‘ओरेगॉन ट्रेल’ नावाचा खेळ रचला. त्या वेळी शाळेत पडद्याचा संगणक नव्हता. दूरमुद्रकाच्या कागदावर अक्षरे उमटत आणि मुले टंकून उत्तर देत. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे वसाहतीस निघालेल्या कुटुंबाने बैल, धान्य व दारूगोळा यांवर किती पैसा खर्चावा, हे मुलांनी ठरवावयाचे. सत्र संपल्यावर तो खेळ संगणकावरून काढून टाकण्यात आला. पण रॉविच यांनी त्याची कागदावरील प्रत जपून ठेवली, आणि १९७४ साली मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत नोकरीस लागल्यावर तो पुन्हा उतरवून काढला. पुढे त्या देशातील मुलांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. विद्यार्थ्यांनी केलेला आणि शाळेच्या वर्गातच पारखला गेलेला असा तो खेळ होता.

पुढे १९८० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात थॉमस मलोन यांनी आपल्या प्रबंधासाठी एक प्रयोग केला. अपूर्णांक शिकविणारा बाण आणि फुग्यांचा एक खेळ त्यांनी घेतला व त्यातील एकेक गोष्ट काढून वा बदलून त्याचे आठ प्रकार केले. पाचवीतील मुलांपुढे ते ठेवले, तेव्हा असे दिसले की, बाणाने फुगा फुटण्याची जी कल्पना मुलग्यांस आवडे तीच मुलींस नावडती होती. गणित तेच, मूलही त्याच इयत्तेचे. परंतु एकास जे आकर्षण ते दुसऱ्यास विघ्न. खेळ करणाऱ्याने घरी बसून बांधलेला अंदाज कसा फसतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

हीच गोष्ट मी आपल्या धंद्याच्या भाषेत सांगते. आपण संत नामदेवांचे नाव सांगणारी माणसे; कात्री आणि सुई यांवर आपली कित्येक घरे उभी राहिली. माझे वडील कोट शिवावयास घेत तेव्हा आधी कच्चा दोरा घालीत, आणि गिऱ्हाइकास बोलावून तो त्याच्या अंगावर चढवून पाहत. खांद्यावर चुणी पडली तर ‘साहेब, आपला खांदा चुकला’ असे ते कधी म्हणाले नाहीत. ते खाली मान घालून दोरा उसवीत आणि कापडावर खडूची नवी रेघ ओढीत. मुलांसोबत खेळ तपासणे म्हणजे हा कच्चा दोरा होय. हे मला लहानपणापासून ठाऊक असावयास हवे होते. पण प्रत्यक्ष प्रसंग आला तेव्हा मी ते विसरले, आणि ते कसे, हेच आज सांगावयाचे आहे.

मी दोन खेळ तयार केले. पहिल्यात तळ्यातील कमळपानांवर अंक लिहिलेले होते. योग्य अंकाचे पान ओढून बेडकापुढे ठेवले की तो त्यावर उडी मारी. दुसऱ्यात संगणक एक संख्या मोठ्याने उच्चारी आणि मुलाने तिचे अंक कळफलकावर दाबावयाचे. एका प्राथमिक शाळेने परवानगी दिली. पालकांकडून संमतिपत्रे भरून घेतली. आणि प्रत्येक मुलास आरंभीच सांगितले की, ‘तुला कंटाळा आला तर केव्हाही उठून जा, कोणी रागावणार नाही.’ मी शेजारी वही घेऊन बसत असे.

पहिल्याच दिवशी माझे पान गळाले. माऊसची कळ दाबून धरून पान ओढीत नेणे मला सोपे वाटले होते. परंतु सात वर्षांच्या मुलांची बोटे वाटेतच सैल होत, आणि पान परत जागेवर जाऊन बसे. ज्यास उत्तर येत होते त्याचेही उत्तर चुकीचे ठरे. मी ती रीत बदलून एकदा पानावर व एकदा जागेवर कळ दाबावी अशी केली, तेव्हा हा अडथळा दूर झाला.

दुसरी फजिती अधिक गमतीची होती. उत्तर चुकले की बेडूक पाण्यात पडे आणि ‘डुबुक’ असा आवाज होई; बरोबर आले की एक साधी घंटा वाजे. दोन दिवसांत मुलांनी शोध लावला की, घंटेपेक्षा डुबुक फार बरे! मग ती हसत हसत, एकमेकांस बोलावून, मुद्दाम चुकीची पाने ठेवू लागली. चुकीची शिक्षा म्हणून मी जे योजले तेच त्यांनी बक्षीस ठरविले. गुणांच्या नोंदीवरून पाहता तो वर्ग गणितात अगदी कच्चा दिसत होता, आणि वस्तुतः त्यांतील पुष्कळांस उत्तरे बिनचूक येत होती. कारण मुद्दाम चुकावयाचे तर बरोबर काय हे आधी ठाऊक असावे लागते.

तिसरी गोष्ट अभिप्रायाची. इंग्लंडमध्ये जॅनेट रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांचे मत घेण्यासाठी पाच चेहऱ्यांची एक पट्टी योजली आहे; रडव्या चेहऱ्यापासून पुरत्या हसऱ्या चेहऱ्यापर्यंत मुलाने आपला चेहरा निवडावयाचा. मीही ती वापरली. जवळजवळ सर्व मुलांनी सर्वांत हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. मला आनंद झाला. पण तो टिकला नाही. लहान मुले बहुधा हाच चेहरा निवडतात, हे रीड यांच्या अभ्यासातही दिसून आले आहे. घरी आलेल्या ताईने विचारले तर ‘छान आहे’ म्हणावे, एवढे वळण आपल्या मुलांस असतेच. म्हणून त्यांनी सुचविलेला दुसरा प्रश्न मी विचारला: ‘हा खेळ पुन्हा खेळशील का? हो, कदाचित, की नाही?’ तेव्हा बेडकास पुष्कळ ‘हो’ मिळाले, आणि संख्या ऐकून लिहिण्याच्या खेळास फारच थोडे.

त्या दुसऱ्या खेळाशी आजच्या बोलण्याचे मर्म निगडित आहे. एके दिवशी एक मुलगी माझ्यापुढे येऊन बसली. तिच्या बाई म्हणाल्या, ‘ही नको हो, ही जरा मंद आहे. दुसरी हुशार मुलगी पाठवते.’ बाईंस दोष देण्याचा माझा हेतू नाही. भरलेला वर्ग एकटीने सांभाळणाऱ्यास असे झटपट निर्णय करावेच लागतात. मुलगी बसली आहे तर बसू द्या, असे मी म्हटले. संगणक म्हणाला, ‘सत्तावीस’. तिने सात दाबला. तत्क्षणी पडद्यावर तांबडी फुली आली. पुन्हा ‘सत्तावीस’, पुन्हा सात, पुन्हा फुली. मी म्हणाले, ‘अगं, नीट ऐक बरे.’ तिसऱ्या फुलीनंतर तिने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ती कळफलकाकडे पाहीनाशी झाली.

‘नीट ऐक’ असे मी म्हणाले खरे. परंतु तिने नीटच ऐकले होते. आपल्या मराठीत सत्तावीस म्हणताना आधी सात कानी पडतात आणि मग वीस. लिहिताना मात्र दोन आधी. जर्मन भाषेतही एकक असाच आधी बोलतात. एकोणतीस या शब्दात तर ऐकू येतात तीस, आणि लिहावयाचे दोन व नऊ! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला हे आपणांस स्मरत असेल. त्या विषयाच्या समितीवर असलेल्या कै. मंगला नारळीकर यांनी ही अडचण मुलांच्या बाजूने मांडली होती. त्या उपायाविषयी मतभेद असू शकतील. अडचण मात्र खरी आहे, आणि ती माझ्यापुढे मुकाट्याने बसली होती.

माझ्या पिशवीत वडिलांच्या दुकानातील बटणांची डबी होती. ती मी टेबलावर उपडी केली आणि म्हटले, ‘मला यांतली सत्तावीस बटणे दे.’ तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग भराभर दहा-दहाचे दोन ढीग केले, आणि सात सुटी बटणे त्यांच्या शेजारी ओळीने मांडली. कुठे शिकलीस, असे विचारता म्हणाली, ‘आई घरी काज-बटणाचं काम आणते. ढीग मीच करते.’

सभ्य गृहस्थहो, दशक आणि एकक म्हणजे काय हे त्या मुलीस वर्गातील पुष्कळांपेक्षा अधिक पक्के ठाऊक होते. तिला संख्या येत होती. माझ्या खेळाला ती विचारता येत नव्हती. पहिला अंक दोन नसला की लगेच फुली मारावयाची, हा नियम मी एका रात्री, सोयीचा म्हणून, लिहून टाकला होता. त्या एका ओळीने ती मुलगी तीन वेळा नापास केली, आणि मी, शिंप्याची मुलगी, तिला म्हणाले की तुझा खांदा चुकला!

मी तो खेळ सबंध उसवला. नव्या खेळात दोन चौकटी ठेवल्या, डावी दशकांची आणि उजवी एककांची. आधी कोणतीही भरावी, भरलेले खोडावे, आणि मनाची खात्री झाल्यावर ‘झाले’ म्हणावे. तांबडी फुली काढून टाकली. अंक बसला की चौकटीखाली तितकी बटणे दिसत, दशकांची गठ्ठ्यांनी आणि एककांची सुटी. चूक झाली असल्यास ती मुलास स्वतःस दिसावी, हा उद्देश. आठवड्याने ती मुलगी पुन्हा आली. ‘सत्तावीस’ ऐकताच तिने सात उजवीकडे घातले, मग दोन डावीकडे, आणि खालची बटणे मोजून ‘झाले’ दाबले. त्यानंतर म्हणाली, ‘ताई, अजून एक सांग ना.’ बाई मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या खेपेस मी गेले तेव्हा ती मुलगी फळ्यापाशी उभी राहून इतरांस दहा-दहाचे गठ्ठे करून दाखवीत होती. एकोणतीस मात्र तिला अखेरपर्यंत जमले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तो दोष माझ्या खेळात अजून शिल्लक आहे.

राहता राहिला अहवाल. हसऱ्या चेहऱ्यांचा तक्ता माझ्याजवळ तयार होता. तेवढाच जोडला असता तर प्रकल्प यशस्वी दिसला असता, आणि तसा सल्लाही मला मिळाला. मन मोहात पडले नाही असे म्हणणार नाही, कारण त्या गुणांवर नोकरी अवलंबून होती आणि नोकरीवर आपल्या कर्जाची फेड. परंतु त्या तक्त्याशेजारी मी दुसराही तक्ता जोडला: कोणत्या मुलाने खेळ कोठे सोडला, आणि तो माझ्या कोणत्या चुकीमुळे. परीक्षकांनी विचारले, ‘म्हणजे आपला खेळ फसला म्हणावयाचे काय?’ मी म्हणाले, ‘पहिला फसला, म्हणूनच दुसरा करता आला.’ गुण बेताचेच पडले. नोकरी थोडी उशिराने, पण लागली.

आता दोन शब्द विनंतीचे. आजकाल शैक्षणिक खेळांचे व उपकरणांचे विक्रेते आपल्या दारी येतात, आणि मुलांच्या कल्याणासाठी आपण हौसेने पैसा खर्चितो. समाजाच्या अभ्यासिकेसाठी असे काही घेण्यापूर्वी वस्तीतील चार-पाच लहान मुलांस ते एक तास वापरावयास द्यावे आणि कोणी मोठ्या माणसाने शेजारी मुकाट्याने बसून पाहावे. मुलाच्या तोंडच्या ‘छान आहे’ या शब्दांवर विसंबू नये. त्याचे हात कोठे थांबतात ते पाहावे. तसेच आज येथे ज्यांचा गौरव झाला त्या मुलांचे मी मनापासून अभिनंदन करते. पण ज्यांचे नाव यादीत आले नाही अशीही मुले आपल्या घरोघरी आहेत. त्यांस ‘ढ’ म्हणण्यापूर्वी माप एकदा पुन्हा घेऊन पाहावे. अंग चुकीचे असण्यापेक्षा बेतणे चुकले असण्याचा संभव अधिक असतो, हे आपल्या धंद्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

कर्जाचा पहिला हप्ता आज सकाळी चिटणीसांच्या स्वाधीन केला आहे. तो ज्या पुढच्या विद्यार्थ्यास मिळेल त्याने आपल्याही फजितीची हकीकत येथे येऊन सांगावी, एवढी इच्छा व्यक्त करते.