घरचा कमोड आपण बसवावा
(गणेशोत्सवातील महिला सभेत झालेले भाषण)



मागच्या वर्षी याच व्यासपीठावर उकडीच्या मोदकांवर भाषण झालं. त्याच्या आदल्या वर्षी पैठणीवर. यंदा चिटणीसबाईंनी मला फोन करून विषय विचारला आणि मी म्हटलं, 'कमोड'. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, 'गणपतीपुढे?' मी म्हटलं, अहो, गणपतीपुढे नाही, हॉलमध्ये. बाप्पा तिकडे आहेत आणि मध्ये पडदा आहे.

हसा, पण मी चेष्टा करत नाहीये. पस्तीस वर्षं मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं. वक्रनलिका, पाण्याचा दाब, तरंगणारे पदार्थ हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. पण घरातल्या संडासात तेच सगळं रोज चालू असतं हे मला साठी उलटल्यावर कळलं. आणि कळलं तेही सुखासुखी नाही.

माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. आमच्या फ्लॅटमध्ये संडास एकच. तिथला जुना कमोड दोन-तीन वर्षांपासून किंचित डुगडुगत होता. आम्ही म्हणायचो, चालतंय. त्या उन्हाळ्यात आईंना ताप आला, भ्रम झाल्यासारखं बोलायला लागल्या. दवाखान्यात नेलं तर लघवीचा संसर्ग. डॉक्टरांनी विचारलं, 'आजी, पाणी किती पिता?' आई गप्प. घरी आल्यावर रात्री मला हळूच म्हणाल्या, 'अगं, संध्याकाळनंतर मी पाणी पीतच नाही. रात्री उठावं लागतं. ते भांडं हलतं, मला पडायची भीती वाटते. तुम्हाला कशाला उठवू?'

दोन स्क्रू सैल होते, म्हणून आमच्या घरातलं माणूस तहानलेलं झोपत होतं. मला फार लाज वाटली.

नेहमीच्या प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, 'बेन, गणपती पछी.' दुसरा म्हणाला, बघून जातो, तो आलाच नाही. तिसऱ्याने छोटं काम म्हणून नाही म्हटलं. गणपतीला आठ दिवस होते, पुण्याहून मुलगा-सून यायचे होते. तेव्हा मी आणि आमच्या ह्यांनी ठरवलं, आपणच करू.

एक गोष्ट आधीच सांगते. भारतीय पद्धतीचं भांडं काढून तिथे कमोड करायचा असेल तर फरशी फोडावी लागते, पाइप फिरवावा लागतो. ते कडियाचं काम आहे, त्यात पडू नका. मी सांगतेय ते जुना कमोड काढून त्याच जागी नवा बसवण्याबद्दल. ते दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे.

पहिली पायरी मापाची, आणि पहिली चूक मी तिथेच केली. कमोडचे दोन प्रकार असतात. ज्याची घाण खाली जमिनीत जाते तो एस ट्रॅप, मागे भिंतीत जाते तो पी ट्रॅप. आमचा एस. त्यात भिंतीच्या टाइलपासून जमिनीतल्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं असतं. ते बहुधा चार, नऊ किंवा बारा इंच असतं आणि त्याप्रमाणे कमोड घ्यावा लागतो. मी मोबाइलवर एक अमेरिकन व्हिडिओ पाहिला होता. त्यात तो गृहस्थ भिंतीपासून कमोडच्या बोल्टपर्यंत मोजतो. तिकडे बोल्ट पाइपच्या दोन्ही बाजूंना, त्याच रेषेत असतात. मीही तसंच मोजलं, बारा इंच आलं, बारा इंची कमोड आणला. जुना उचलला तर खाली पाइप नऊ इंचांवर! आपल्याकडच्या कमोडचे स्क्रू पाइपच्या रेषेत असतीलच असं नाही. नव्याची टाकी भिंतीत तीन इंच घुसली असती तरच तो बसला असता.

संध्याकाळचे सात वाजलेले, जुना कमोड पॅसेजमध्ये, नवा खोक्यात, आणि घरात चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. त्या रात्री आई दोनदा वॉकर घेऊन समोरच्या बेनच्या घरी गेल्या. त्या बेननी रात्रभर दार नुसतं लोटून ठेवलं होतं आणि पॅसेजचा दिवा चालू ठेवला होता. हे शेजाराचं ऋण मी इथे जाहीरपणे सांगते. सकाळी रिक्षात खोकं घालून कमोड बदलून आणला. म्हणून सांगते, पाइपचा मध्य दिसत नसेल तर आधी जुना सोडवून माप घ्या आणि मगच दुकानात जा. पावती आणि खोकं फेकू नका.

आता काम. आधी अँगल कॉक बंद करा, फ्लश ओढून टाकी रिकामी करा. भांड्यात उरलेलं पाणी जुन्या मगाने आणि फडक्याने काढा. हातात रबरी मोजे हवेतच. कनेक्शन पाइप सोडवा. बुडाशी व्हाइट सिमेंट असेल तर छिन्नीने हलके हलके, सिलिकॉन असेल तर ब्लेडने कापा. मग स्क्रू. ते गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. कमोड दोघांनी मिळून सरळ वर उचला. टाकीसकट तीस किलोच्या आसपास वजन भरतं, त्यामुळे कंबर वाकवून नव्हे, गुडघ्यात वाकून. गुडघे साथ देत नसतील तर सोसायटीतल्या एखाद्या तरुण मुलाला हाक मारा.

कमोड निघाल्याबरोबर पाइपच्या तोंडात जुनं फडकं कोंबा. वास येत नाही आणि स्क्रू आत पडत नाही. त्या फडक्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे नवा बसवताना काढायचं विसरणार नाही.

जागा खरवडून कोरडी करा. नवा कमोड आधी नुसता ठेवून बघा. वर पाणसळ ठेवा, पुढे-मागे आणि आडवी दोन्हीकडे. आमचे हे बँकेतले, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाणसळ हातात धरली आणि मग सोडेचनात, देवघरसुद्धा तपासून आले. पातळी जमली की पेन्सिलने बुडाची रेघ आणि स्क्रूच्या खुणा करा. कमोड बाजूला घेऊन खुणांवर चिकटपट्टी लावा आणि टाइल फुटेपर्यंत ड्रिल हॅमरवर न घेता सावकाश भोक पाडा. त्याआधी तिथून पाण्याचा पाइप जात नाही ना, हे घर बांधलं तेव्हाच्या कुणाला तरी विचारा.

भोकात प्लास्टिकचे गट्टू ठोका. पाइपच्या तोंडातलं फडकं काढा. कमोडच्या तोंडाला रबरी कनेक्टर लावा, त्याला साबणाचं पाणी चोळा आणि कमोड रेघेवर सरळ खाली बसवा, घासटत नेऊ नका. स्क्रू आळीपाळीने आवळा, थोडा डावा, थोडा उजवा. हलायचा थांबला की हात थांबवा. चिनी मातीला जोर चालत नाही. एक वेढा जास्त दिला की तडा जातो आणि सगळी मेहनत वाया.

मग टाकी, तिचं रबरी वॉशर आणि कनेक्शन पाइप. टेफ्लॉन टेप अँगल कॉकच्या आट्यांवर गुंडाळायची, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने. कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वॉशर असतं, तिथे टेप लागत नाही. पाणी सोडा, चार-पाच वेळा फ्लश करा आणि बुडाभोवती कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला नाही तरच कडेने सिलिकॉन भरा. मागच्या बाजूला दोन बोटं जागा मोकळी सोडा, म्हणजे पुढेमागे आत गळती झाली तर पाणी बाहेर येऊन सांगेल. सिलिकॉन वाळेपर्यंत, म्हणजे दिवसभर, त्या कडेवर पाणी ओतू नका. शेजारच्या भिंतीवर हाताला धरायला एक दांडाही बसवा. आमच्याकडे कमोडपेक्षा त्या दांड्याचं कौतुक जास्त झालं.

आता रोजच्या कुरबुरी.

टाकीतून पाणी सतत झिरपतंय असं वाटलं तर टाकीत जिलेबीचा रंग चिमूटभर टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर गेलं. ते बाजारात सुटं मिळतं. पाणी वरच्या उभ्या नळीतून वाहत असेल तर फ्लोट खाली करा. पाणी नळीच्या तोंडाच्या साधारण एक इंच खाली थांबायला हवं.

टाकी भरायला वेळ लागतो? कनेक्शन पाइप सोडून आतली बारीक जाळी धुवा. फ्लशला जोर नाही? आपल्याकडे पाण्यात क्षार असतात, त्यामुळे कडेखालची भोकं बुजतात. कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून त्यात फडकं भिजवा, ते कडेखाली रात्रभर दाबून ठेवा आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासा.

तुंबलं तर रबरी पंप. तो पाण्यात बुडलेला हवा, नाहीतर नुसती हवा ढकलली जाते. भांडी घासायचं लिक्विड आणि बादलीभर गरम पाणीही चालतं, पण उकळतं नको, भांडं तडकतं. आणि मैत्रिणींनो, हे मात्र लिहून ठेवा: अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो. छोट्या बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो.

गावाहून परत आल्यावर वास येतो ना? आतल्या वळणात पाणी अडलेलं असतं, ते गटारातला वायू वर येऊ देत नाही. ते वाळून जातं. दोन मग पाणी ओतलं की झालं. हीच ती फळ्यावरची वाकडी नळी.

पण घरातली मोरी, बेसिन, संडास सगळं एकदम तुंबलं तर ते आपलं काम नाही. बाहेरची लाइन भरलेली असते. तेव्हा मशीन मागवा. पाचशे रुपये देऊन कुणा माणसाला चेंबरमध्ये उतरवू नका. २०१३च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि आत जमलेल्या वायूने माणसं क्षणात जातात. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः हातात झाडू घेऊन संडास साफ केले ते याचसाठी, की आपली घाण दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ नये. आपण निदान आपल्या घरचे दोन स्क्रू तरी आवळू शकतो.

आमच्या आई सोवळ्याओवळ्याच्या कडक. मी मोजे घालून जुना कमोड उचलत होते तेव्हा त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, गणपतीचं घर, आणि सुनेने हे काय आरंभलंय. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी काम संपलं, मी न्हाऊन आले, तर त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला होता. गेल्या कित्येक महिन्यांत त्या गॅसपाशी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या रात्री झोपताना त्यांनी उशाशी पाण्याचा तांब्या मागून घेतला.

यंदा त्या पंच्याऐंशीच्या आहेत. आज येताना मी विचारलं, भाषणात तुमचं नाव घेऊ का? म्हणाल्या, 'नाव नको घेऊस. पण सांग त्यांना, घरी जाऊन आधी आपला कमोड हलवून बघा म्हणावं.'

तेवढंच सांगायला आले होते. घरी गेल्यावर जरूर हलवून बघा.

गणपती बाप्पा मोरया!