एक आवाज, दोन शब्द

ऊस तोडताना पेराजवळची पांढरी भुकटी हाताला लागते. ते उसाचं मेण. कांडीतलं पाणी ते उडू देत नाही.

मेणाला इंग्रजीत ‘वॅक्स’ म्हणतात. त्याच भाषेत ‘वॅक्स’ म्हणजे वाढणेही! शुक्ल पक्षातल्या चंद्राला तोच शब्द. चंद्र काही मेणाचा नव्हे.

आपल्याकडेही तसंच. पार्सलावरची लाख ‘लाक्षा’वरून आली, इंग्रजांनी तिला ‘लॅक’ केलं. रुपयांचा लाख आला ‘लक्ष’वरून. त्यात एकावर पाच शून्यं. एकदा कर्जाच्या कागदावर आम्ही ती मोजलीच नाहीत, फसता फसता वाचलो.

अन् उसाचं मेण? भवानीनगरच्या कारखान्यात रस गाळला, की त्यातलं बरंच प्रेसमडमध्ये उतरतं. प्रेसमड खत म्हणून पुन्हा रानात येतं.