धृतराष्ट्राची हिरवी मिठी



केरळात एका वेलीस ‘धृतराष्ट्र पच्च’ असे नाव आहे. लोखंडी भीमाचा चुरा करणारी धृतराष्ट्राची मिठी महाराष्ट्रातही सर्वांस ठाऊक असल्याने या नावाचा अर्थ निराळा सांगावयास नको. वेलीचे शास्त्रीय नाव मिकानिया मायक्रांथा. ती मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतील. दुसऱ्या महायुद्धात ईशान्य भारतातील विमानतळ शत्रूच्या नजरेआड ठेवण्यासाठी ती लावण्यात आली, असे सांगितले जाते. युद्ध १९४५ मध्ये संपले; वेल मात्र राहिली.

कोकणात डोंगरउतार व्यापणारी रानमोडी हिच्याच कुळातील. रानमोडी झुडूप होऊन पसरते, ही झाडाच्या खांद्यावर चढते. अनुकूल हवेत ती दिवसाकाठी ८ ते ९ सेंटिमीटर वाढते. शेंडा गाठताच वर दाट छत तयार होऊन खालच्या पानांचे ऊन तुटते, आणि बियांतून उगवलेली नवी रोपे डोके वर काढू शकत नाहीत. केरळातील सागाची वने व केळीच्या बागा, आसामातील चहाचे मळे यांना तिने ग्रासले आहे. नेपाळातील चितवन राष्ट्रीय उद्यानात तर तिच्याखाली गेंड्याचा चाराच गुदमरतो आहे.

ओळखताना घोटाळा होण्याचा संभव आहे, कारण गुळवेलीचे पानही हृदयाकृतीच असते. पण गुळवेलीची पाने एकाआड एक येतात. मिकानियाची प्रत्येक पेरावर समोरासमोर, जोडीने. तिची फुले बारीक, पांढुरकी व झुबक्यांनी येतात, आणि बियांस केसांचा तुरा असल्याने ती वाऱ्यावर दूर जातात. हा भेद न पाहता कोयता चालविल्यास औषधी गुळवेलीचा मात्र नाश व्हावयाचा.

वेलीवर तांबेरा पाडणारी एक बुरशी २००५ मध्ये आसामात व २००६ मध्ये केरळात सोडण्यात आली. परंतु ती येथे रुजली नाही. म्हणून हातांचाच आधार. फुले येण्यापूर्वी वेल मुळासकट उपटावी. जमिनीला टेकलेल्या पेरालाही मुळे फुटतात; तेव्हा तुकडे ओढ्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत, आणि त्याच जागी पुनःपुन्हा फेरी मारावी. शंका असल्यास पानाफुलांसह डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वनाधिकाऱ्यांस दाखवावी. बी धरलेली असल्यास ती पिशवीत बंद करूनच न्यावी.