फाइलमार्कच्या अलीकडे की पलीकडे?

युनिक्स आणि लिनक्सवर चुंबकीय टेप पुढेमागे सरकवायची कमांड म्हणजे ‘एमटी’. टेपवर मुळात फोल्डर नसतात की फाइलींची नावे. एकामागून एक ब्लॉक, आणि फाइल संपली की फाइलमार्क नावाची खूण, एवढाच कारभार. एलटीओ-९ प्रकारच्या टेप-कार्ट्रिजमधली टेप १०३५ मीटर लांब असते. तिच्यावर हेड कुठे उभे आहे ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मॅन्युअलच्या शब्दावर विसंबावे लागते.

हा शब्द नेमका ‘बीएसएफ’पाशी दगा देतो. फाइलगणिक मागे जाण्याची ही उपकमांड टेपला ‘मागील फाइलच्या शेवटच्या ब्लॉकवर’ आणते, असे मॅन्युअल सांगते. वाचणाऱ्याला वाटते, आता वाचले की तो ब्लॉक हाती येईल. प्रत्यक्षात हेड त्या ब्लॉकच्या पलीकडे, पण फाइलमार्कच्या अलीकडे, म्हणजे टेपच्या आरंभाकडच्या बाजूला, थांबलेले असते. पहिल्याच वाचनात फाइलमार्क लागतो आणि शून्य बाइट मिळतात. बॅकअप रिकामा निघाला म्हणून घाबरगुंडी उडते ती इथे.

समजा, फाइली एकत्र बांधणाऱ्या ‘टार’ या प्रोग्रामने टेपवर तीन फाइली ओळीने लिहिल्या आणि हेड तिसऱ्या फाइलमार्कच्या पलीकडे आहे. तिसरी फाइल वाचायची तर ‘बीएसएफ १’ पुरत नाही. ‘बीएसएफएम २’ द्यावे लागते: हेड दोन फाइलमार्क मागे जाते, मग एक ओलांडून पुढे येते आणि तिसऱ्या फाइलच्या तोंडाशी थांबते. पहिल्या फाइलच्या आधी फाइलमार्कच नसल्याने तिच्यासाठी सरळ ‘रिवाइंड’. आरंभापासून मोजून थेट हव्या त्या फाइलवर नेणाऱ्या ‘एएसएफ’ची मोजणी शून्यापासून, म्हणजे तिसऱ्या फाइलसाठी आकडा २.

मॅन्युअलमधली सुधारणा अवघड नाही. ब्लॉकची भाषा सोडावी आणि हेड फाइलमार्कच्या कोणत्या बाजूला थांबते ते प्रत्येक उपकमांडपुढे लिहावे. लिनक्सच्या टेप-ड्रायव्हरचे मॅन्युअल हेच करते: खुणेची टेपच्या आरंभाकडची बाजू की शेवटाकडची, हे ते ‘बीएसएफएम’सारख्या क्रियांपुढे स्पष्ट सांगते. शेजारी तीन फाइलींचे एक साधे रेखाचित्र असले तर निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

डिव्हाइसचे नावही उदाहरणातच हवे. ‘एसटी०’ बंद होताना टेप आपोआप गुंडाळून आरंभाला जाते. ‘एनएसटी०’वर ती आहे तिथेच राहते. ‘एसटी०’वर पुढे सरकून मग टारने लिहायला घेतले, तर पहिल्याच फाइलवर घाला पडतो.

सर्वांत घातक जोडी ‘ईओडी’ आणि ‘ईओएफ’ची. पहिली टेपला डेटाच्या शेवटाशी नेते. दुसरी कुठेही नेत नाही. आहे तिथे फाइलमार्क लिहिते. एलटीओवर मधेच असे लिहिले की डेटाचा शेवट तिथेच मानला जातो आणि पुढचे सारे नेहमीच्या वाचनाला अप्राप्य होते. हा इशारा पानाच्या तळाशी ‘त्रुटी’ या मथळ्याखाली टाकून भागत नाही. तिथवर फारसे कोणी जात नाही. तो ‘ईओएफ’च्या ओळीतच, ‘लिहिते’ या क्रियापदाने सुरू व्हावा, आणि उदाहरणांत लिखाणाचा हेतू उघड करणारे तिचे दुसरे नाव ‘डब्ल्यूईओएफ’ हेच वापरावे.