संगणकाच्या जाळ्यातील नाव व त्याचे लेखन



खेड्यातील शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे कारखान्यात, बँकेत किंवा शहरातील एखाद्या कंपनीत नोकरीस लागतो. तेथे संगणकावर काम करण्यासाठी त्याला एक युजरनेम व एक पासवर्ड मिळतो. तो दोन्ही टाइप करतो आणि पडद्यावर उत्तर येते की, नाव किंवा पासवर्ड चूक आहे. या दोहोंपैकी चूक कोणते, हे यंत्र बहुधा मुद्दामच सांगत नाही. कारण ते सांगितले तर परक्या माणसाला निम्मे कुलूप उघडून दिल्यासारखे होईल. नवखा माणूस मग पासवर्डच पुन्हा पुन्हा तपासीत बसतो. वस्तुतः पुष्कळदा पासवर्ड बरोबर असतो. चुकलेली असते ती नाव लिहिण्याची रीत. आपल्याला हे जमत नाही असा ग्रह तो करून घेतो. हा ग्रह बुद्धीच्या उणिवेतून नव्हे, तर एका लहानशा गोष्टीच्या अज्ञानातून येतो. म्हणूनच हा विषय प्राथमिक शिक्षकाच्या कक्षेतील आहे.

एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावयाचे असेल, तर कोणाचे काम कोणते हे यंत्राला कळले पाहिजे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत फर्नांडो कोर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 साली अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी संगणक-व्यवस्था चालवून दाखविली. अशा व्यवस्थेत प्रत्येकाची ओळख वेगळी ठेवणे ओघानेच आले. नाव हे ओळख सांगते, पासवर्ड हा त्या ओळखीची खात्री देतो. नाव उघड असते. पासवर्ड गुप्त असतो.

परंतु नुसते नाव पुरत नाही. 'पाटील' म्हणून हाक मारली तर गावोगाव ओ देणारे आहेत. तो कोणत्या गावचा, हेही सांगावे लागते. संगणकांच्या जाळ्यात या 'गावा'स डोमेन म्हणतात. कंपन्यांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या विंडोज पद्धतीत नाव व डोमेन जोडण्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत जुनी. 1993 साली निघालेल्या विंडोज एनटीपासून ती परिचित आहे. तीत डोमेन आधी, मग तिरकी रेघ, मग नाव : कारखाना\सुमनपाटील. (प्रत्यक्षात ही अक्षरे रोमन लिपीत टाइप करतात.) ही रेघ तारीख लिहिताना वापरतात ती नव्हे, तिचे डोके डावीकडे कललेले असते. तिला बॅकस्लॅश म्हणतात. या रीतीत नावाला 20 अक्षरांची मर्यादा आहे. लांबलचक मराठी नाव व आडनाव तीत मावत नाही, म्हणून कंपन्या नावाचे आद्याक्षर व आडनाव घेतात.

दुसरी रीत 2000 साली विंडोज 2000 बरोबर आली. तीत नाव आधी, मग @ हे चिन्ह, मग डोमेन : सुमनपाटील@कारखाना.लोकल. दिसण्यात हा ई-मेलचा पत्ता वाटतो, परंतु तो त्या व्यक्तीचा ई-मेल असेलच असे नाही.

शिक्षकांना या दोन्ही रीती अपरिचित नाहीत. पाकिटावरील पत्त्यात माणसाचे नाव आधी, मग गाव, तालुका व जिल्हा. दुसऱ्या रीतीचा क्रम हाच. उलट शाळेच्या 11 अंकी यू-डायस क्रमांकात राज्याचे अंक आधी येतात, मग जिल्हा, तालुका व गाव, आणि शेवटी शाळा. पहिली रीत या क्रमाची. वर्गात ही दोन उदाहरणे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली, तर वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विंडोजचे यंत्र माणसाला केवळ नावाने ओळखीत नाही. प्रत्येक खात्याला ते एक लांब क्रमांक देते. शाळेच्या जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याचा क्रमांक असतो, तसाच हा. विवाहानंतर एखाद्या भगिनीने आडनाव बदलले, तर तिच्या खात्याचे नाव बदलता येते. क्रमांक तोच राहतो व तिचे सर्व अधिकार कायम राहतात. मात्र जुने खाते काढून टाकून त्याच नावाने नवे उघडले, तर यंत्राच्या दृष्टीने ती व्यक्ती परकी ठरते.

विद्यार्थ्यांना शिक्षकांनी चार सवयी लावाव्यात :

1. नाव मिळाले की ते कोणत्या डोमेनचे, हे विचारून घ्यावे.

2. चिन्हे अक्षरांइतक्याच काळजीने लिहावीत. एक टिंब वा एक रिकामी जागा अधिक पडली तरी यंत्र दार उघडत नाही.

3. विंडोजमध्ये नावातील लहान-मोठ्या रोमन अक्षरांनी फरक पडत नाही, पासवर्डमध्ये पडतो. लिनक्स पद्धतीत नावातही पडतो.

4. चूक झाल्यास घाईने पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नये. ठरावीक चुकांनंतर खाते काही काळ बंद करण्याची व्यवस्था अनेक ठिकाणी असते. आधी पडद्यावर कोणत्या डोमेनचे नाव दिसते ते पाहावे व मग निःसंकोचपणे विचारावे.

शेवटी एक नीतीची गोष्ट. पुष्कळ कचेऱ्यांत एकच नाव व एकच पासवर्ड चौघे मिळून वापरतात. त्यात सोय दिसते, पण चूक कोणाची व श्रेय कोणाचे हे मग कोणासच सांगता येत नाही. हजेरीपटावर एकाच्या नावापुढे दुसऱ्याने 'हजर' म्हटलेले कोणताही शिक्षक खपवून घेत नाही. स्वतःच्या नावाने आत जावे, स्वतःच्या नावाने काम करावे व त्याची जबाबदारी स्वतः घ्यावी, हे वळण मुलाला शाळेतच लागले पाहिजे. यंत्रे बदलतील, नावे लिहिण्याच्या रीतीही बदलतील. हे वळण मात्र उपयोगी पडतच राहील.