थोरांचा शब्द आणि तो वाहणारी माणसे

राजाची आज्ञा त्याच्या राज्याच्या सीमेपर्यंत चालते. कवीच्या शब्दाला मात्र सीमा नसते, असे म्हटले जाते. हे विधान खरे आहे, पण अपुरे आहे. शब्द आपल्या पायांनी चालत नाही. तो कोणीतरी वाहून न्यावा लागतो. थोर साहित्यिकांचा व कलावंतांचा प्रभाव शतकानुशतके कसा टिकतो, याचा शोध घेण्यासाठी सोलापूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या नगरीत लोकांसाठी तलाव निर्माण केला आणि कन्नड भाषेत वचने रचली. त्यानंतर कितीतरी राजवटी आल्या आणि गेल्या. तरीही दर वर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास नंदीध्वज खांद्यावर घेऊन हे नगर त्यांच्या यात्रेला निघते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या या शहरात वचनकाराचे स्मरण असे लोकांच्या खांद्यावरून चालत आलेले आहे.

महाद्वाराबाहेरचा आवाज

मंगळवेढ्याचे संत चोखामेळा यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. नामदेवांचे हे समकालीन विठ्ठलभक्त जातीमुळे मंदिराबाहेर राहिले. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांनी अभंग रचले. उपेक्षित समाजातील एका संपूर्ण कुटुंबाने काव्याच्या रूपाने आपले सुखदुःख नोंदवावे, ही भारतीय साहित्यातील असाधारण घटना होय. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणून महाद्वाराशी समाधी बांधली, असे परंपरा सांगते.

वारकऱ्यांनी हे अभंग कंठात जपले. समाधीपुढे मस्तक टेकवून लोक आत जात राहिले. चोखोबांचे जातबांधव मात्र बाहेरच राहिले. शब्द स्वीकारला, पण त्याचा अर्थ स्वीकारला नाही, असे सहाशे वर्षे घडले. अखेर १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले, तेव्हा मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. कवीच्या प्रश्नाला उत्तर मिळण्यास सहा शतके लागली. तो प्रश्न जिवंत राहिला म्हणूनच उत्तर मिळाले.

घराबाहेर पडलेला शाहीर

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातील एका विद्वान ब्राह्मण घराण्यात राम जोशी जन्मले. थोरले बंधू मुद्गल जोशी कीर्तनकार व पुराणिक म्हणून ख्यातकीर्त होते. धाकट्याचे मन मात्र धोंडी शाहिराच्या फडात रमले. तमाशाची ही संगत घराला रुचली नाही आणि रामभाऊंना घर सोडावे लागले. पंढरपुरात संस्कृतचे अध्ययन करूनही त्यांनी डफ टाकला नाही. उलट पंडितांचे भाषाप्रभुत्व लावणीत आणले. शृंगाराच्या लावण्यांबरोबर बाह्य सोंगाढोंगावर कोरडे ओढणाऱ्या उपदेशपर लावण्याही त्यांनी लिहिल्या. मराठी, संस्कृत, कन्नड आणि हिंदुस्थानी या भाषा एकाच रचनेत गुंफण्याचे त्यांचे कौशल्य बहुभाषी सोलापूरला साजेसेच होते.

बारामतीच्या मोरोपंतांशी आलेला संबंध त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. राम जोशी कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या त्यांनी गावोगावी लोकप्रिय केल्या. पंडित कवीचे काव्य सामान्य श्रोत्यापर्यंत नेण्यास तमाशाच्या फडात तयार झालेला गळा उपयोगी पडला, हे विसरता कामा नये. पुढे १९४७ मध्येच व्ही. शांताराम यांच्या राजकमल संस्थेने ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट काढला. ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीने आणि वसंत देसाईंच्या संगीताने हा शाहीर नव्या पिढीला भेटला.

जगातही असेच घडते. इंग्लंडमधील कलासमीक्षक जॉन रस्किन यांचे एक छोटे पुस्तक १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात गांधीजींच्या हाती पडले. त्यातून फिनिक्स आश्रम उभा राहिला आणि ‘सर्वोदय’ हा शब्द भारतीय जीवनात आला. पुस्तक लिहिणारा एक, ते प्रवासासाठी हाती देणारा मित्र दुसरा आणि आचरणात आणणारा तिसरा, अशी ही साखळी आहे.

आजचे कर्तव्य

या साखळीतील मधला दुवा म्हणजे शिक्षक, ग्रंथपाल आणि ग्रामपंचायत. जयंतीला प्रतिमेस हार घातला म्हणजे ऋण फिटले, असे नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. त्याचा हेतू गावच्या वाचनालयाचे दार संध्याकाळी उघडे असेल तरच सफल होतो. जुन्या शाहिरांची बाडे कोणाच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडली आहेत काय, जात्यावरच्या ओव्या पाठ असलेली आजी गावात आहे काय, याची विचारपूस विद्यार्थ्यांकरवी सहज होऊ शकते. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची शासनाची योजना आहे. अर्ज कोठे व कसा करावा, हे ठाऊक नसलेला ढोलकीवाला त्यापासून वंचित राहू नये, एवढी दक्षता पंचायत सदस्य निश्चितच घेऊ शकतात.

चोखोबा दाराबाहेर होते, राम जोशी घराबाहेर. ज्यांना आपल्या पूर्वजांनी बाहेर ठेवले, त्यांच्याच नावाचा आज अभिमान वाटतो. म्हणून प्रत्येक गावाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : आज आपल्या दाराबाहेर कोण उभे आहे?