जमिनीतली तिजोरी

घरासाठी जमिनीत पुरायची तिजोरी घ्यायची ठरली की आपण आधी दुकान गाठतो. पत्रा किती जाड, कुलूप चावीचं की आकड्यांचं, असे प्रश्न विचारतो. माझ्या मते हे प्रश्न नंतरचे आहेत. आधी पाहायची ती घराखालची जमीन, आणि तीही भर पावसाळ्यात. कपाटातल्या तिजोरीला भीती चोराची. जमिनीतल्या तिजोरीला त्याआधी भीती पाण्याची.

जमिनीत मौल्यवान वस्तू राखण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी, शेतकरी आणि व्यापारी जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवत आले. तिथली माती अशी, की आजूबाजूची ओल आत झिरपत नाही आणि हळद दीर्घकाळ चांगली राहते. पण २००५ च्या महापुरात पाणी थेट पेवांच्या तोंडातून आत शिरलं आणि हळदीचं मोठं नुकसान झालं. तिजोरीलाही हेच दोन प्रश्न विचारायला हवेत. भोवतालची माती पाणी धरते का, आणि पूर आला तर तोंड पाण्याखाली जाईल का? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पुरलेल्या काँक्रीटवर दर वर्षी ताण येतो. कोकणातल्या जांभ्यातून पावसाळ्यात पाणी सहज वाहतं. जोत्याशी ओल दिसत असेल, शेजारच्या विहिरीचं पाणी श्रावणात वर येत असेल, किंवा २०२१ च्या जुलैतल्या चिपळूणसारखं पाणी घरात शिरण्याचा धोका असेल, तर तिथं जमिनीतली तिजोरी घेऊच नये. भिंतीत, पुराच्या रेषेच्या वर बसवलेली तिजोरी अशा घराला योग्य.

यावर कोणी म्हणेल, तिजोरीचं झाकण घट्ट असतं, पाणी आत जाईलच कसं? पण बहुतेक घरगुती तिजोऱ्यांचं झाकण चोराला अडवण्यासाठी बनवलेलं असतं, पाणी अडवण्यासाठी नाही. शिवाय पाणी बाहेरून वर ढकलतं, हे फार कमी लोकांच्या ध्यानात येतं. साठ लिटरची रिकामी पेटी पाण्याखाली गेली की तिला साठ किलो वजनाइतकी उचल मिळते. ओलं काँक्रीट भरतानाही ती वर येऊ पाहते, कारण काँक्रीट पाण्यापेक्षा दुपटीहून जड. म्हणून गवंड्यानं पेटी आधी पक्की दाबून, तोंड झाकून मगच भोवती काँक्रीट ओतावं. खड्ड्याला आतून जाड प्लास्टिकचं अस्तर द्यावं, आणि तोंड फरशीच्या किंचित वर ठेवावं, म्हणजे लादी पुसताना पाणी आत जाणार नाही. ताज्या काँक्रीटमधली ओल आठवडे टिकते, तोवर कागद आत ठेवू नयेत.

जमीन कोरडी असेल, तर मात्र या तिजोरीचा मोठा गुण पुढे येतो. सुट्या पेटीला चोर उचलून नेऊ शकतो, आणि पुढचं काम निवांत करतो. काँक्रीटमध्ये गच्च बसलेली पेटी त्याला जागेवरच फोडावी लागते, ती फक्त वरून, आवाज करत. म्हणजे पैसे पत्र्याच्या जाडीबरोबरच भोवतालच्या काँक्रीटमध्ये घालावेत. आगीतही तिला फायदा असतो. धग वर जाते आणि जमिनीखालची पेटी तुलनेनं थंड राहते. मात्र आग विझवताना ओतलेलं पाणी खालीच उतरतं. सोनं त्यातून वाचेल, खरेदीखत वाचेल याची खात्री नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हे सगळं लागू नाही. स्लॅब साधारण पाच-सहा इंचांचा, आत लोखंडी सळ्या, खाली दुसऱ्याचं घर. तो फोडून पेटी बसवणं इमारतीला घातक आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हा विचार सोडावा.

मग बँकेचा लॉकर असताना घरी तिजोरी कशाला, हा आक्षेप रास्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेवर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत जबाबदारी येते. नैसर्गिक आपत्तीतल्या नुकसानीची जबाबदारी मात्र तिच्यावर येत नाही. तरीही लग्नकार्यासाठीचे मोठे दागिने लॉकरमध्येच असावेत, असं मला वाटतं. घरची तिजोरी अडीअडचणीला लागणारी रोकड, रोजचे दागिने आणि कागदांच्या प्रती यांसाठी. एवढंच ठेवायचं म्हटलं की पेटी लहान चालते, खड्डा उथळ राहतो आणि पाण्याची काळजीही त्या प्रमाणात कमी होते. जिना चढताना गुडघे धरणाऱ्या माणसाला खाली बसून कुलूप उघडता येईल का, हेही पेटी पुरण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावं.